वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचे जाम नॉब: खेचू नका, आधी हे करा

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात अजून कितीतरी वाड्यांच्या मागच्या अंगाला, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमधे नाहीतर मळ्यातल्या पत्र्याखाली एखादी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर उभी असते. आजोबांनी हौसेनं घेतलेली, मग काकांनी चालवलेली आणि नंतर कोणीच हात न लावलेली. मग घरातला एखादा पोरगा ठरवतो की आता हिला चालू करायचीच. टाकी धुतली जाते, नवी बॅटरी येते, प्लग बदलतात, मिस्त्री येऊन कार्बोरेटर खोलतो, इथपर्यंत सगळे जोशात असतात. आणि मग कोणीतरी सीटवर बसून चोक, म्हणजे गार इंजिन चालू करायचा नॉब, ओढतं तर तो हलतच नाही, मग दुसरा म्हणतो सरक मी बघतो, आणि त्या दुसऱ्याच्या हातात नुसता नॉब येतो.

इंजिनचे पार्ट खटपट केली की मिळतात हो. पण डॅशबोर्डचा ओरिजिनल नॉब, त्याच्याभोवतीची ती चकचकीत रिंग, स्विचवरचं अक्षर, हे शोधायला मुंबईचा चोरबाजार नाहीतर कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालावा लागतो आणि तिथंही मिळेलच असं नाही. पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, बंद होऊन वीस वर्षांहून जास्त झाली, अ‍ॅम्बेसेडरचं उत्तरपाड्याचं प्रॉडक्शन २०१४ मधे थांबलं. म्हणून हा लेख फक्त डॅशबोर्डपुरता. इंजिनवर लिहिणारे भरपूर आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की नॉब स्वतः क्वचित जाम होतो. जाम झालेलं असतं ते त्याच्या दुसऱ्या टोकाचं काहीतरी, नाहीतर मधली केबल, आणि तुम्ही ताकद लावता ती मात्र सगळ्यात नाजूक जागी, म्हणजे ४०-५० वर्षं जुन्या प्लास्टिकवर. त्यामुळं दुसरं टोक आधी सोडवायचं आणि नॉबला शेवटी हात लावायचा.

गाडी कुठं वाढली ते आधी विचारा

हे कोणी विचारत नाही पण सगळं काम यावर ठरतं. गाडी पहिल्यापासून खान्देशातच असेल तर गंज कमी आणि वाळलेलं ग्रीस जास्त. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, बंद गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त, असे उन्हाळे एकामागून एक गेले की ग्रीसमधलं तेल उडून जातं आणि मागं मेणासारखा चिकट थर राहतो, त्यात धूळ आणि कापसाची रुई बसली की झालं काम. पण गाडी मुंबईकडून सेकंडहँड आणलेली असेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच फियाट तशाच आल्यात, तर खाऱ्या हवेनं केबलच्या आत खरोखरचा गंज असतो. पहिल्या प्रकाराला उष्णता लागते, दुसऱ्याला तेल आणि धीर. दोन्हीला एकच स्प्रे मारून मोकळं व्हायचं हे जे चालतं ना सगळीकडं, त्यानं अर्धी कामं बिघडतात.

हात घालायच्या आधी

पहिलं म्हणजे टॉर्च. डॅशबोर्डखाली आंधळेपणानं हात घालायचा नाही. शेडमधे उभ्या गाडीत उंदराचं घरटं तर हमखास असतं, आणि जिथं उंदीर तिथं त्याच्या मागावर येणारं जनावरही असू शकतं, विंचू तर सीटच्या फोमखाली आरामात राहतो. चारही दारं उघडी टाका, लांब काठीनं खालून ठोका, थोडा वेळ जाऊ द्या, मग वाकून बघा. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, डेटॉलचं पाणी शिंपडून ओल्या करा आणि मास्क-हातमोजे घालून उचला.

दुसरं म्हणजे बॅटरी सोडवणं. इथं एक गोम आहे. सगळे सांगतात निगेटिव्ह काढा, पण जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला अर्थ केलेलं सापडतं. त्यामुळं प्लस-मायनस बघत बसू नका, जी जाड वायर बॉडीला गेलीय ती काढा. जुन्या वायरींवरचं कापडी किंवा रबरी कव्हर हात लागला तरी भुगा होतं, म्हणून बॅटरी लावलेली ठेवून डॅशच्या मागं पाना घालणं म्हणजे शॉर्ट सर्किटला निमंत्रण.

तिसरं, मोबाइलवर फोटो. प्रत्येक वायर, प्रत्येक क्लिप, केबल कुठून वळून कुठं जाते ते सगळं. वायरींचे रंग उडालेले असतात, तर कागदी टेपचा तुकडा लावून नाव लिहा.

पाने म्हणाल तर फियाटला एमएमचे लागतात, जुन्या अ‍ॅम्बेसेडर आणि जीपला इंची. एमएमचा पाना इंची नटावर थोडा ढिला बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो, आणि डॅशच्या मागं गोल झालेला नट काढणं म्हणजे काय शिक्षा असते ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

नेमकं अडकलंय कुठं

आता नॉब दोन बोटांनी धरा, मुठीत नाही, दोनच बोटं. हळूच आत-बाहेर आणि डावी-उजवी करून बघा. काय जाणवतं त्यावरून पुष्कळ कळतं.

नॉब थोडा येतो आणि स्प्रिंगसारखा परत जातो, म्हणजे केबल मोकळी आहे, पलीकडची लिव्हर अडकलीय. अजिबात काहीच नाही, भिंतीला धरल्यासारखं, म्हणजे केबलच्या आत जाम किंवा नॉबच्या दांडीपाशी. खरखर करत थोडं थोडं येतं, तर धूळ नाहीतर गंज, हे सुटतं. आणि नॉब मोकळा गोल फिरतो पण बाकी काही होत नाही, तर दांडीवरून सुटलाय, त्याला ओढत बसू नका.

अजून एक. काही जुन्या गाड्यांत चोकचा नॉब ओढून थोडा फिरवला की तिथंच लॉक होतो, चालवताना परत आत जाऊ नये म्हणून ती सोय असते. शेवटच्या माणसानं लॉक करून सोडला असेल तर तो जाम नाहीच, नुसता उलटा फिरवायचा आहे. आधी हे बघा, मग पुढचं.

पहिलं औषध ऊन

खान्देशी गाडी असेल तर तेलाच्या आधी ऊन. गाडी ढकलून सकाळीच उन्हात अशी लावा की काचेतून ऊन सरळ डॅशवर पडेल, काचा बंद, आणि दुपारपर्यंत सोडून द्या. वाळलेलं ग्रीस तेवढ्यानंही मऊ पडतं. मग केबल आणि लिव्हरी हलवून बघा. थंडीत किंवा पावसाळ्यात हेच काम हेअर ड्रायर करतो, एका जागी न धरता फिरवत राहायचं. गॅसची बत्ती मात्र चुकूनही नाही, डॅशच्या मागं जुन्या वायरी, पुठ्ठा आणि वर पेट्रोलचा वास, कशाला जीव धोक्यात घालता.

फक्त एक ध्यानात ठेवा. उष्णतेनं ग्रीस सैल होतं पण जुनं प्लास्टिक तापलं की वाकतं किंवा दांडीवरून निसटतं. म्हणून दुपारी लिव्हरी आणि केबल हलवा, नॉब काढायचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना. तसंही मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या डॅशला हात लावून बघा, चटका बसला की आपोआप कळेल.

चोक आणि हँड थ्रॉटलची केबल

हे खरं काम. जरा सावकाश वाचा. हँड थ्रॉटल म्हणजे हातानं ओढून ॲक्सिलरेटर धरून ठेवायचा नॉब.

बॉनेट उघडा आणि चोकची केबल कार्बोरेटरवर जिथं येते ते टोक शोधा. तिथं दोन गोष्टी असतात. बाहेरचं स्प्रिंगसारखं कव्हर एका क्लिपमधे धरलेलं असतं आणि आतली तार एका छोट्या स्क्रूखाली दाबलेली असते. तार स्क्रूमधे जिथं बसलीय तिथं नेलपॉलिशचा ठिपका द्या, परत जोडताना ॲडजस्टमेंट शोधत बसायला नको. मग स्क्रू ढिला करा, तार बाहेर घ्या. बस्स, आता केबल आणि कार्बोरेटर वेगळे झाले.

आता कार्बोरेटरची लिव्हर बोटानं हलवा. हलली नाही तर गुन्हेगार इथंच सापडला. वाळलेल्या पेट्रोलचा पिवळट-तपकिरी डिंक तिच्या दांडीवर बसलेला असतो. कार्बोरेटर क्लीनर मारा, थांबा, जुन्या टूथब्रशनं घासा, परत मारा, बोटानं अगदी थोडी थोडी हलवत राहा. पक्कड लावू नका, या लिव्हरी ठिसूळ धातूच्या असतात. आमच्या भागातले जुने मिस्त्री पोरांना एकच सांगतात, "जोर नको लावू रे भो, तुटी जाई." आणि हे काम गॅरेज बंद करून नाही, उघड्या हवेत, विडी-सिगारेट लांब ठेवून.

लिव्हर मोकळी निघाली तर दोष केबलचा. मग केबल पूर्ण बाहेर काढावी लागते. डॅशच्या मागं नॉबच्या दांडीवर एक मोठा नट असतो, तो सोडवला की केबल नॉबसकट केबिनच्या बाजूनं बाहेर येते. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, जाताना तिथलं रबर सुकून केबलला चिकटलेलं असतं, त्याला थोडं साबणाचं पाणी सोडा, ओढलं तर कव्हरची स्प्रिंग ताणली जाईल आणि ताणलेलं कव्हर परत नीट बसत नाही.

केबल बाहेर आली की आता आपली खान्देशी ट्रिक. कुठल्याही ठिबकच्या दुकानात ४ आणि ६ मिमीची बारीक मायक्रोट्यूब मिळते, केळीवाल्याकडं तर घरातच पडलेली असते. केबलच्या कव्हरवर जी घट्ट बसेल ती वीतभर कापून घ्या, तिचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि कार्बोरेटरकडच्या टोकाला कव्हरवर बोटभर चढवा. आतली उघडी तार नळीच्या आत राहील एवढी नळी लांब पाहिजे. गार झाली की घट्ट धरते. वर एक तार बांधून घ्या. मग केबल खुंटीला अशी टांगा की नळीचं टोक वर आणि नॉब खाली, खाली पुठ्ठा. मेडिकलमधून आणलेल्या बिनसुईच्या सिरिंजमधे पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात शिरणारं पातळ तेल) भरा, नळीच्या वरच्या टोकात बसवा आणि अंगठ्यानं अगदी हलका दाब द्या.

आधी काहीच होत नाही. दाब वाढवायचा मोह होतो, तो आवरा, नळी निसटून तेल तोंडावर येतं. नळी भरलेली ठेवून रात्रभर सोडून द्या. सकाळी पुठ्ठ्यावर काळपट डाग दिसला म्हणजे तेल पार झालं, केबल वाचली. काहीच उतरलं नसेल तर पुन्हा भरा, अजून एक-दोन रात्री. गंजाचा रंग वेगळा असतो बरं का, डाग काळा आला तर ते जुनं ग्रीस, विटकरी आला तर आत गंज आहे आणि अजून बरंच तेल पाजावं लागणार.

आता तार सोडवायची. इथं बहुतेक जण सरळ ओढतात. ओढायच्या आधी पिळा. चोकची तार एकेरी कडक असते, तिला कव्हरच्या अगदी जवळ नोज प्लायरनं धरून थोडी डावीकडं, थोडी उजवीकडं फिरवा. फिरवल्यानं चिकटलेला थर सुटतो, ओढल्यानं नुसती तार ताणली जाते. फिरायला लागली की मग पेराएवढी आत-बाहेर, परत तेल, परत आत-बाहेर. कव्हरपासून लांब धरून ढकललं तर तार मुडपते आणि मुडपलेली तार कधीच परत सरळ चालत नाही, तिथं दर वेळी अडकणार. थ्रॉटलची केबल काही गाड्यांत बहुपदरी असते, तिला पिळताना पदर उलगडतील अशा दिशेनं जास्त फिरवू नका.

मोकळी झाली की आतलं घाण तेल पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं तेल सोडा, खालून स्वच्छ थेंब पडायला पाहिजे. शेवटी शिलाई मशीनचं तेल. ग्रीस भरू नका, आपल्या उन्हात आणि धुळीत पाच-सहा वर्षांत परत तीच कथा.

आणि नाहीच सुटली तर? कव्हर आतून गंजून फुगलं असेल तर हट्ट सोडा. केबल बनवून देणाऱ्याकडून त्याच मापाचं कव्हर आणि तार मीटरवर घ्या आणि जुना नॉब दांडीसकट नव्या तारेला झाळ मारून जोडून घ्या. झाळ मारताना नॉब काढून ठेवायचा, नाहीतर वितळला. भुसावळ-जळगावात लेथवाले हे काम करून देतात, फक्त जुना तुकडा सोबत न्या, तोंडी माप सांगून चालत नाही.

नॉब काढायचा कसा

ज्यांना घाई असते ते इथंच घात करतात. नॉबच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. बारीक स्क्रू लागला तर तो बारीक पेचकसानं किंवा एलन कीनं सोडवा, त्याच्यात घाण भरलेली असते ती आधी सुईनं उकरून काढा म्हणजे पेचकस पूर्ण बसतो. स्क्रू नाही पण सुईएवढं भोक आहे, तर आत स्प्रिंगवर बसलेली पिन असते, सायकलच्या स्पोकच्या टोकानं ती दाबून धरा आणि नॉब सरळ ओढा. भोकही नाही, स्क्रूही नाही, तर बहुधा आट्यांचा असेल, उलटा फिरवा.

त्यामागच्या रिंगला दोन खाचा असतात. तिथं पेचकस ठेवून हातोडीनं ठोकायची जी सवय आहे ती सोडा, घसरला की डॅशचा पेंट गेला. सर्क्लिप प्लायरची दोन टोकं त्या खाचांत छान बसतात. डॅशवर आधी कागदी टेप लावून घ्या.

ॲसिटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) अर्धं-अर्धं मिसळून जाम नटावर घालतात, चालतं ते, गंजावर तर भारीच. पण ॲसिटोन पेंट आणि प्लास्टिक दोन्ही खातं, त्यामुळं बॉनेटच्या बाजूला ठीक, डॅशच्या तोंडावर एक थेंबसुद्धा नाही.

लाइट, वायपर आणि इंडिकेटरची दांडी

स्विच जाम असेल तर तो दोन कारणांनी. एक म्हणजे आतलं यंत्र, दुसरं म्हणजे तांब्या-पितळेच्या पट्ट्यांवर आलेला हिरवा थर. टीव्ही-मोबाइल रिपेअरवाल्यांकडं कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तो नळी लावून फटीतून आत मारा आणि बॅटरी सोडलेली असतानाच स्विच भरपूर वेळा चालू-बंद करा. हिरवं पाणी बाहेर येतं. सुकू द्या, परत करा. उघडता येणारा स्विच असेल तर पट्ट्या खोडरबरनं घासा, पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा जातो. मग व्हॅसलिनचा अगदी पुसट हात.

उघडताना प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीच्या आत हात घालून उघडा. आत मोहरीएवढी गोळी आणि स्प्रिंग असते, ती उडाली की सापडत नाही, पिशवीत मात्र पडून राहते.

इंडिकेटरच्या दांडीला स्टिअरिंग सरळ केल्यावर परत येण्याचं यंत्र असतं आणि तिथं कारखान्यातलं ग्रीस दगडासारखं झालेलं असतं. ड्रायरनं तापवा, खरवडून काढा, नवं पांढरं लिथियम ग्रीस वाटाण्याएवढं. दांडी हलत नसताना स्टिअरिंग फिरवू नका, ते यंत्र नायलॉनचं असलं तर पटकन मोडतं.

वायपरचा नॉब मोकळा झाला म्हणून लगेच चालू करायची घाई नको. काचेखालच्या ज्या दांड्यांवर ब्लेड फिरतात त्याच गंजून बसलेल्या असतात, अशात मोटरला करंट दिला की ती जागेवर उभी राहून जळते. ब्लेडचे हात काढा, दांड्यांच्या मुळाशी तेल सोडा, मोटरची लिंक सोडवून दांड्या हातानं फिरतात का ते बघा आणि मगच पुढं.

बाकीचं थोडक्यात

ग्लोव्ह बॉक्सचं आणि इग्निशनचं कुलूप: तेल नाही, ग्रॅफाइट. पेन्सिलचं शिसं किसून चावीला चोळा आणि घालत-काढत राहा. तेलानं आज फिरेल, उद्या धूळ धरून बसेल. मूळ चावी झिजलेली असेल तर आधी तिची कॉपी करून घ्या, कुलपात तुटली तर पंचाईत.

हवेच्या झडपेची लिव्हर: बिजागरीला तेल, आणि झडपेचं रबर पत्र्याला चिकटलेलं असेल तर जुनं एटीएम कार्ड घालून हळू सोडवा.

बॉनेटची केबल: एकानं बॉनेट वरून दाबून धरायचा, दुसऱ्यानं आतून ओढायचं. दाबल्यानं हुकावरचा ताण जातो. ही केबल तुटली तर बॉनेट उघडायलाच वांधे, म्हणून सुटल्याबरोबर हिचं तेलपाणी आधी.

स्पीडोमीटरचं ट्रिप शून्य करायचं बटण: हे अडकलं असेल तर सोडून द्या. खरंच सांगतो. आतली चाकं इतकी ठिसूळ झालेली असतात की एकदा फिरवलं की दात गेले. मीटर कधी कारागिराकडं जाईल तेव्हा तो बघेल.

डॅशखालून ओढायचा हँडब्रेक ज्या गाडीत आहे तो अडकला तर नव्वद टक्के वेळा मागच्या ड्रमात ब्रेक लायनर चिकटलेले असतात, डॅशपाशी शोधू नका.

डब्ल्यूडी-४० बद्दलही इथंच सांगून टाकतो. ते सोडवायला उत्तम, टिकायला नाही, उडून जातं. सोडवून झालं की पुसा आणि खरं तेल घाला. प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं तिथं सिलिकॉन स्प्रे.

सगळं परत जोडताना

चोकचा नॉब पूर्ण आत ढकला, मग तार स्क्रूमधे बसवा आणि नॉबपाशी एक-दोन मिमी ढिलाई ठेवा. ढिलाई नसली तर चोक थोडा लागलेलाच राहतो, प्लग काळे पडतात, पेट्रोल पिते आणि मग लोक कार्बोरेटरला शिव्या देतात.

हँड थ्रॉटल जोडल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, नॉब ओढून सोडा आणि बॉनेटखाली कोणाला तरी उभं करा. नॉब आत ढकलल्यावर लिव्हर पूर्ण मागं गेली पाहिजे, आणि केबल काढून बघितली तर लिव्हर स्वतःच्या स्प्रिंगनं टक्कन मागं आली पाहिजे. हे होत नसेल तर गाडी चालू करायचीच नाही. अडकलेल्या थ्रॉटलनं इंजिन एकदम भडकतं आणि रस्त्यावर असाल तर मग ब्रेक तरी किती पुरतील.

बॅटरी थेट जोडू नका. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या, बॅटरी आणि अर्थच्या वायरीच्या मधे लावा. सगळे स्विच बंद असताना बल्ब पेटला नाही पाहिजे. पूर्ण उजेडानं पेटला तर कुठंतरी शॉर्ट आहे, बहुतेक तुम्हीच डॅशच्या मागं चेपलेली एखादी वायर, ती शोधा. मंद लागला तर घड्याळ वगैरे काही जोडलेलं आहे का बघा. बल्ब बंद राहिला की मग एक-एक स्विच चालू करून बघा आणि शेवटी बल्ब काढून वायर सरळ लावा.

यानंतर महिन्यातून एकदा गाडीत बसून प्रत्येक नॉब, प्रत्येक लिव्हर, दोन्ही वायपर, सगळं एकदा पूर्ण हलवायचं, गाडी बाहेर काढली नाही तरी चालेल. पोळ्याच्या आसपास, पाऊस असताना, एकदा केबलच्या टोकांना तेलाचा थेंब. आणि मायक्रोट्यूब-सिरिंज डिकीतच ठेवा, शेजारच्या बुलेटवाल्याची क्लच केबलही त्यानंच सुटते.